खडखडी घरात आली तेव्हा

जामच्या चौफुलीवर आमचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. दुकान बॅटऱ्या चार्ज करण्याचं. नागपूरहून हैदराबादकडं जाणारे ट्रक तिथं थांबत, ड्रायव्हर समोरच्या ढाब्यावर जेवत, आणि तेवढ्यात बाबा त्यांच्या बॅटऱ्यांत पाणी भरून, टोकं घासून गाडी पुन्हा चालती करून देत. ॲसिडच्या थेंबांनी बाबांच्या एकूण एक पायजम्यांना भोकं पडलेली असत. ती रफू करताना आई जे काही बोलायची ते पुढं बाबांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा शेजारच्या टायरवाल्यानं त्यांना नशीबवान ठरवून टाकलं होतं. दिवसभर हॉर्न, ब्रेक, टायरवाल्याचा घण आणि ढाब्यावरची पंजाबी गाणी. अशा घरात वाढलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय ते उशिरा कळतं. मला कळलं ते वर्ष म्हणजे माझं कॉलेज संपलेलं, रोज बसनं हिंगणघाटला टायपिंगच्या क्लासला जाणं चालू होतं, आणि आई माझ्यासाठी स्थळं पाहत होती.

मागच्या खोलीत बाबांचं रेडिओ स्टेशन होतं. स्टेशन म्हणायचं एवढंच. एक टेबल, त्यावर बाबांनी स्वतः जुळवलेले पत्र्याचे दोन डबे, मोर्सचे ठिपके-रेघा पाठवायची, लाकडी फळीवर बसवलेली एक पितळी चावी, आणि छपरावरून कडुनिंबापर्यंत ताणलेली तार. तिच्यावर आई कपडे वाळत घालायला जायची आणि बाबा अंगणात धावत यायचे. सरकारी परवाना काढून असा रेडिओ हौसेनं चालवणाऱ्यांना हॅम म्हणतात. बाबा तरुणपणी फौजेत सिग्नलमध्ये होते, तिथं मोर्स शिकले, आणि परत आल्यावर सगळं सोडलं पण ते सोडवलं नाही. दिवेलागणीनंतर दुकानाची फळी लागली की बाबा हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून त्या टेबलाशी बसत. देवापुढं बसतानासुद्धा ते सदरा बदलत नसत, हे आईचं कायमचं गाऱ्हाणं.

त्या वेळेला देशभरातले त्यांचे पाच-सात दोस्त हवेत जमत. त्यात सर्वांत जवळचे कुंभकोणमचे सुंदरमकाका. काका आम्हीच म्हणायचो. त्यांना आमच्यातल्या कोणीही कधी पाहिलं नव्हतं. बाबांचं इंग्रजी सातवीत सुटलेलं आणि सुंदरमकाका म्हणे कॉलेजात शिकवत. पण मोर्समध्ये कोणी पूर्ण वाक्यं बोलत नाही. सगळा कारभार दोन-तीन अक्षरी खुणांचा असतो, हवामान दोन अक्षरांत, कृपा करून तीन अक्षरांत, आणि निरोपाला नुसता त्र्याहत्तरचा आकडा. तिथं सातवी आणि कॉलेज एका पंगतीला बसतात. सुंदरमकाकांचा पहिला प्रश्न रोज एकच, आज काय जेवलास. बाबा पदार्थाचं नाव जसंच्या तसं पाठवत. गोळाभात, पाटवडी, अंबाडीची भाजी. कुंभकोणमच्या माणसाला त्यातलं काय कळत असेल देव जाणे, पण आई स्वयंपाक करताना मनातल्या मनात त्यांनाही वाढत असावी, कारण एखाद्या दिवशी नुसतंच वरण-भाकर झालं तर ती म्हणायची, आज त्या भाऊजीले काय सांगान?

मला मोर्स कोणी शिकवलं नाही. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून कळावं, तसं ते मला कळायला लागलं. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली, जी पुस्तकात सापडत नाही. चावी दाबणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणाचा घाईचा, कोणाचा लाडात आलेला. कोण बोलतंय हे त्यानं नाव सांगायच्या आधी कळतं. सुंदरमकाकांचा हात तुळतुळीत होता, एक ठिपका इकडचा तिकडं नाही. बाबांचा हात भरदार, शेवटची रेघ जराशी लांबवणारा, आणि स्वतःचं नाव पाठवण्याआधी किंचित थांबणारा, जसा माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना उंबऱ्याशी थांबून चपला काढतो. हॅम लोक म्हणत, अक्षर ओळखतो तसा हात ओळखतो. मी सांगते, अक्षराची नक्कल होते, हाताची होत नाही.

मग बाबांचे कान गेले. एका दिवशी गेले नाहीत, नाहीतर बरं झालं असतं. आधी गिऱ्हाइकाचं बोलणं पुन्हा विचारायला लागले, मग आईचं, आणि मग हेडफोन कानांवर दाबून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसायला लागले. सुंदरमकाका विचारत एक आणि बाबा उत्तर देत भलतंच. मी दारातून ऐकत असायची आणि मला कळायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली नस गेली, यंत्र लावूनही उपयोग होणार नाही. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत बसले आणि बुटीबोरी मागं पडल्यावर मला एवढंच म्हणाले, "रेडिओवर कोनाले सांगू नको." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीला कडी घातली. दोस्तांना निरोप नाही, काही नाही. घरात पाटी आली. आम्ही लिहायचो, ते वाचायचे. आईला लिहायला वेळ लागे, म्हणून तिनं भांडणंच कमी केली. हमरस्ता तसाच गर्जत होता आणि घर मात्र बंद पडल्यासारखं झालं होतं.

कडी निघाली ती खडखडीमुळं. कान जायच्या जरा आधी सुंदरमकाकांनी एक टेलिप्रिंटर मिळवला होता आणि ते सगळ्या दोस्तांच्या मागं लागले होते की तुम्हीही घ्या. टेलिप्रिंटर म्हणजे तारघरातला अवजड टाइपरायटर. एका ठिकाणी टाइप केलं की दुसऱ्या ठिकाणी आपोआप उमटतं. तो रेडिओला जोडला की मोर्स कानानं ऐकायची गरज उरत नाही. अक्षरं कागदावर येतात. बाबांना हे आठवायला आठ-नऊ महिने लागले, किंवा आठवत असूनही मनाची तयारी व्हायला लागले असतील. एका सरदारजी ड्रायव्हरकडून त्यांनी नागपूरच्या भंगार बाजारातला एक जुनाट टेलिप्रिंटर मागवला. तो ट्रकमधून उतरवायला चार माणसं लागली. आईनं दारातच विचारलं की हे लोखंड कुठं ठेवायचं आणि याला खायला काय लागतं.

पुढच्या दोन महिन्यांत बाबा माणसात आले. रेडिओतून येणारे दोन सूर ओळखून त्यांची अक्षरं करून देणारा एक डबा मधे लागतो. त्याची आकृती परदेशी मासिकात होती, मजकूर बाबांना फारसा कळला नाही, पण आकृती कळली. डब्याच्या तोंडावर त्यांनी दोन लहान लाल दिवे बसवले, एका सुराला एक. रेडिओची खुंटी फिरवत जायचं, आणि दोन्ही दिवे सारख्या जोरानं लुकलुकायला लागले की स्टेशन जुळलं. कानाचं काम डोळ्यांवर आलं. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा मशीन आपोआप धडधडली, त्या वेळी आई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच आली. सुरुवातीला कचरा उमटला, मग एका ओळीत दोन अनोळखी माणसांचं बोलणं, कलकत्त्याला पाऊस आहे की नाही याबद्दल. बाबांनी तो कागद फाडून घेतला, पुन्हा पुन्हा वाचला आणि पायजम्याच्या खिशात ठेवला. आई म्हणाली, अजी, कलकत्त्याच्या पावसाचं एवढं काय. त्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्या दिवशी चाललं असतं. आवाजानं भांडी हलत, म्हणून आईनं मशीनखाली जुन्या गोधडीची घडी घातली आणि नाव ठेवलं खडखडी.

आता याला डिजिटल मोड म्हणतात. माझ्या टेबलावर लॅपटॉप आहे, त्याला तळहाताएवढं रेडिओचं यंत्र जोडलेलं. पुढं मीही परवाना घेतला, लग्नानंतर, सासरच्यांच्या कपाळावरच्या आठ्यांसकट. हल्लीच्या पद्धतीत तर दोन संगणक आपापसात नमस्कार-चमत्कार उरकतात, इतक्या क्षीण आवाजात की कोणाच्याच कानाला काही ऐकू येणार नाही, आणि माणूस नुसता यादीत एक नाव वाढलेलं पाहतो. मला ते आवडतं. पण दरवेळी मला विचारावंसं वाटतं, पलीकडं कोण आहे रे? आहे ना कोणी?

खडखडीवर वाचायची सोय झाली, बोलायचं काय? बाबांना टाइपिंग येत नव्हतं. मी त्यांना शिकवायला बसले, क्लासमध्ये आमच्या सरांनी शिकवलं तसं, अक्षरांवर फडकं टाकून. बॅटऱ्या उचलून जाड झालेली बोटं एका वेळी दोन-दोन अक्षरांवर पडत. मी म्हटलं, मी टाइप करते, तुम्ही सांगा. त्याला बाबा तयार झाले नाहीत. परवाना माझा, हवेत जाईल ते माझ्या बोटानं जाईल, असा त्यांचा हट्ट. शेवटी मधला मार्ग निघाला. मशीनला एक जोड होती, तिच्यावर टाइप केलं की कागदाच्या पट्टीला भोकं पडत, आणि ती पट्टी नंतर लावली की मजकूर एका दमात हवेत जाई. मी दुपारी पट्टी तयार करायची आणि संध्याकाळी बाबांनी स्वतः खटका दाबायचा.

आणि इथं आम्ही दोघांनी मिळून घोळ घातला. बाबांना वाटलं, मशीनवर मोर्ससारखं तुटक बोलणं बरं दिसणार नाही, सुंदरम कॉलेजातला माणूस आहे, नीट इंग्रजीत लिही. आणि मला नीट इंग्रजी एकच येत होतं, टायपिंगच्या क्लासमधलं व्यापारी पत्राचं. सरांनी आमच्याकडून ती पत्रं शंभरदा तरी टाइप करून घेतली असतील. तेव्हा इतक्या महिन्यांनंतर जामहून कुंभकोणमला जो पहिला मजकूर गेला, त्याची सुरुवात 'माननीय महोदय' अशी होती. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगतो, दीर्घ खंडाबद्दल क्षमस्व, आपल्या तत्पर उत्तराची प्रतीक्षा आहे. शेवटी 'युवर्स फेथफुली' आणि बाबांचं पूर्ण नाव. त्र्याहत्तरचा आकडा मी मुद्दाम गाळला. पत्राच्या खाली आकडा कसा शोभेल? मला माझा मजकूर इतका आवडला होता की मी त्याची एक प्रत क्लासमध्ये नेऊन दाखवली.

सुंदरमकाकांचं उत्तर खडखडत आलं. कुठं होतास, बरा आहेस ना, आज काय जेवलास. बाबा हसले, बोट उचलून एकेक अक्षर शोधायला लागले, पण ती सापडेपर्यंत मी घाईनं दुसरी पट्टी लावून दिली आणि बाबांनी खटका दाबला. काय जेवलास याला उत्तर गेलं की आपल्या कृपादृष्टीबद्दल आम्ही आभारी आहोत. पुढचे काही दिवस असंच. ते विचारत, इकडून आदल्या दुपारची पट्टी उलगडत जाई. कान गेल्याचं लिहायला बाबांची सक्त मनाई होती. पाटीवर मी एकदा विचारलं की सांगितलं तर काय होईल. ते म्हणाले, "थो मंग रोज तब्येत इचारन. माह्याशी बोलनार नाई." बाबांना दोस्त परत हवा होता, जसा होता तसा. कीव नको होती. हे मला तेव्हा हट्टासारखं वाटलं होतं. आता माझ्या स्वतःच्या गुडघ्यांची जो तो चौकशी करतो, तेव्हा बाबांचं म्हणणं पटतं.

मग एके दिवशी कुंभकोणमहून काहीच उमटेना. दिवे मेलेले, मशीन नुसती गुरगुरत उभी. बाबांनी ठरलेल्या वेळी पट्टी लावली, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मशीन बिघडली म्हणून बाबांनी ती पूर्ण उघडली, दुकानातलं तेल घालून एकेक दांडी पुसली, पुन्हा जुळवली. एका संध्याकाळी तर त्या वेळेत ते दिव्यांवरून नजर न हलवता बसून राहिले आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन उभी. एक दिवासुद्धा मिचकला नाही. ती संध्याकाळ कसली होती ते आम्हाला आठवड्यानं कळलं.

आठवड्यानं, भर दुपारी, नागपूरच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. पांढरा स्वच्छ सदरा, पांढरा पायजमा, खांद्याला पिशवी. दुकानात बाबा रबरी एप्रन बांधून एका ट्रकच्या बॅटरीवर वाकले होते. गृहस्थांनी त्यांना काहीतरी विचारलं. बाबांना ऐकू आलं नाही, पण दुकानाचं गिऱ्हाईक नसेल ते घरचंच असणार, म्हणून त्यांनी मागच्या दाराकडं बोट दाखवलं. गृहस्थ आत आले आणि बाजेवर खाली मान घालून बसले. आईनं त्यांचे कपडे पाहिले, नागपूरहून आलो हे ऐकलं, आणि मला डोळ्यांनी खूण केली की लुगडं बदल. तिला वाटलं मुलाकडचे. तर्री-पोहे झाले, वर संत्र्याच्या फोडी. गृहस्थांनी बशीला हात लावला नाही. ते आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहत आणि पुन्हा खाली पाहत. शेवटी म्हणाले, "वहिनी, फार वाईट झालं."

"कोनाचं वाईट झालं?" आईनं विचारलं.

"साहेबांचं. आम्हाला सुंदरमकडून कळलं. मी साळपेकर, मीही हॅमच आहे. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण मी त्यांचा हात ओळखत होतो."

आई त्यांच्याकडं पाहतच राहिली. "ते तं दुकानात हायेत. तुमाले त्यायनंच तं आत धाडलं."

साळपेकरांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. हळूहळू सगळं उलगडलं. सुंदरमकाकांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे बोलणारा माणूस वेगळा आहे. जो दोस्त महिनोन् महिने गायब होता, तो अचानक कारकुनासारखा बोलतो, जेवलास काय विचारलं तर आभार मानतो, आणि निरोप घेताना त्र्याहत्तर पाठवत नाही. कुठल्या जिवंत हॅमनं आजवर असं केलंय? त्यांनी हिशेब मांडला की दोस्त गेला आणि त्याच्या स्टेशनवर कोणी भलताच माणूस मशीन चालवतोय. हॅम वारला की त्याची चावी मुकी झाली असं म्हणायची रीत आहे. सुंदरमकाकांनी ती बातमी सगळ्या दोस्तांना दिली, आणि त्या संध्याकाळी ठरल्या वेळी देशभरातल्या सगळ्यांनी आपापल्या चाव्यांवरून हात काढून बाबांसाठी मौन पाळलं. बाबा दिव्यांकडं पाहत बसले होते ते नेमकं त्याच वेळी. त्या तोतयाला उत्तर द्यायचं नाही असं तर सगळ्यांचं आधीच ठरलं होतं.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली, मीठ-मिरच्या आणल्या आणि दुकानात जाऊन बॅटऱ्यांच्या मधोमध बाबांची दृष्ट काढली. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, हे तिनं ट्रकवाल्यालाही समजावून सांगितलं. बाबांना काही कळेना. मी पाटीवर लिहिलं. त्यांनी वाचलं, पाटी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरून पुन्हा वाचली. मला वाटलं हसतील. ते एका रिकाम्या बॅटरीवर बसले आणि म्हणाले, "मले वाटलं मशीन बिघडली." साळपेकर फार ओशाळले होते. त्यांनी पाटीवर लिहिलं की मी आज नागपूरला जाऊन माइकवरून सगळ्यांना सांगतो, काळजी करू नका. बाबांनी ते वाचून पुसून टाकलं. "माह्या जितेपनाची साक्ष दुसऱ्यानं काऊन द्याची?" ते म्हणाले. आणि एप्रन सोडून धुतलेला सदरा शोधायला गेले.

दिवेलागणीला आम्ही सगळे मागच्या खोलीत. पट्टी नाही, मजकूर नाही. बाबांनी फडक्यानं पितळी चावी पुसली. ऐकायला कान लागतात, पाठवायला लागत नाहीत, ही साधी गोष्ट इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. आम्ही सगळे नवीन यंत्राच्या इतके नादी लागलो होतो की जुनं तिथंच पडून आहे हे दिसलंच नाही. चावी दाबली की घुमणारा एक लहान स्पीकर होता, तो मी चालू केला, आमच्यासाठी. बाबांनी मनगट टेकवलं आणि पाठवायला लागले.

तो हात बाबांचा नव्हता असं म्हणावं इतका बिघडला होता. स्वतःचा आवाज ऐकू आल्याशिवाय माणूस ताल धरणार कसा? ठिपके एकमेकांना चिकटत होते, रेघा मधेच तुटत होत्या, एका अक्षरात दुसरं घुसत होतं. मी साळपेकरांकडं पाहिलं. ते जमिनीकडं पाहत होते. बाबांनी मान वळवून डोळ्यांनी विचारलं, जातंय ना बरोबर? साळपेकरांनी मान हलवली. आईनं हलवली. मीही हलवली. बाबांनी सुंदरमकाकांना दोनदा साद घातली, मग आपलं नाव, आणि नावाआधी तो किंचित थांबा. मग पाठवलं, जिवंत आहे. मग, इतके महिने जे लिहू दिलं नव्हतं ते: कान गेले. तू मशीनवर लिही, मी वाचीन. आणि चावीवरून हात उचलला.

काही झालं नाही. बाहेर एक ट्रक गिअर बदलत चढावर गेला. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांची नजर त्या दोन दिव्यांवर होती. मला कळत होतं की आता उत्तर आलं नाही तर ही खोली पुन्हा उघडणार नाही. मनातल्या मनात मी सुंदरमकाकांना शिव्या घालत होते. मग डावा दिवा लागला, उजवा लागला, दोन्ही लुकलुकायला लागले, आणि खडखडीनं गोधडीवर उडी मारल्यासारखी सुरुवात केली.

बाबा कागदावर वाकले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. एकेक अक्षर येत होतं आणि त्याला केवढा वेळ लागत होता. सुंदरमकाकांनी आनंदाचं, देवाच्या आभाराचं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: तुझा हात फार वाईट झालाय. अर्धं मला अंदाजानं लावावं लागलं. मग एक ओळ रिकामी सोडून: तोतया असता तर इतकं वाईट पाठवलं नसतं. आणि त्याखाली: सावकाश पाठव, गाढवा, मी कुठं जात नाही.

बाबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग त्यांनी मागं वळून आमच्याकडं पाहिलं, आधी साळपेकरांकडं, मग आईकडं, मग माझ्याकडं.

"एवढा बिघडला का माह्या हात?"

मी पाटीकडं हात नेला. उत्तर त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"तुमी कोनी सांगतलं नसतं," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. "घरच्यायच्यानं होत नाई ते. दोस्तच लागते त्याले."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, मनगट पुन्हा टेकवलं, आणि एकेक अक्षर सुटं करत, सावकाश पाठवायला लागले.